सावंतकाकांच्या बाटलीचे पंच

आखातात मआमीरजवळच्या आमच्या फॅक्टरीत मराठी माणसं मोजकीच, पण किस्से एवढे साठलेत की शुक्रवारी कुणाकडे जेवायला जमलो की ताटं वाळतात, तरी ते संपत नाहीत. त्यातले निम्मे तर एकाच विषयावरचे: सिक्युरिटीवाल्यांची ड्रग टेस्ट! मी एचआरमध्ये असल्यामुळे सगळ्यांना हजर होते.

*

आमचे गेट सुपरवायझर सावंतकाका. पोलिसातून हवालदार म्हणून लवकर रिटायर होऊन इथे आले, पण अंगातला हवालदार काही रिटायर झाला नाही. टेस्टसाठी पहिल्यांदा कॉम्प्युटरने त्यांचं नाव काढलं, नर्सने हातात बाटली दिली, तर हे जागचे हलेनात.

"पंच कुठायत?"

माझ्या तर काही लक्षातच येईना! लघवीला पंच? "अगं, मुद्देमाल सील करायचा तर दोन पंच नकोत?" शेवटी रत्नागिरीचा गार्ड मुनीर आणि कॅन्टीनचा कुक, दोघांना बाथरूमच्या दाराशी उभं केलं. काकांनी नमुना नियमाप्रमाणे दोन बाटल्यांत भरून घेतला आणि दोन्हींच्या सीलवर पंचांच्या सह्या घेतल्या. कुक बिचारा रस्सा गॅसवर टाकून आला होता.

*

मग मुनीरची पाळी आली. दाराशी कुणी उभं आहे म्हटल्यावर त्याला काही केल्या होईना! पाणी पाजलं, लबान म्हणजे इथलं ताक पाजलं, तरी मफी, काहीच नाही!

काका बाहेरून म्हणाले, "घाई नको मुनीर. आरोपीला पुरेसा वेळ द्यायचा असतो."

आतून आवाज आला, "साहेब, मी आरोपी कधी झालो?"

काकांनी शांतपणे बाहेरच्या बेसिनचा नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकला आणि मुनीर मोकळा झाला!

*

या सगळ्यात खरा धक्का बसला तो काकांच्या रिपोर्टने. पहिली बाटली पॉझिटिव्ह! गेट पास जमा, ड्यूटी बंद. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि पुण्यात मुलीचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर. गेटवर कुणी चहासुद्धा मागवला नाही. मला तर रडूच आलं.

आमचे मॅनेजर यूसुफसाहेब इथलेच, मनाने फार मोठे. त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. "सावंत, तुम अच्छा आदमी. हम ये रिपोर्ट फाड देगा. खलास!"

काका ताठ उभे. "नहीं साब. माफी गुनहगार को मिलती है. मेरा दूसरा बाटली खोलो, और मेरा बात सुनो."

मी शेजारून त्यांना कोपराने ढोसत होते, की अहो, हो म्हणा! पण ते काकाच.

*

चौकशी बसली. सोबत आपला एक माणूस आणायची मुभा होती. काकांनी मुनीरला आणलं, साक्षीदारही तोच.

"मुनीर, तू काय पाहिलंस?" काकांनी विचारलं.

"दरवाजा पाहिला, साहेब. बाटली आत होती!"

मी ते हिंदीत सांगताच यूसुफसाहेब हसू दाबायला खिडकीकडे वळले. काका मात्र गंभीर. "बरोबर. पाहिलं तेवढंच सांगायचं." दुसरी बाटली मोठ्या लॅबला गेली. तोवर काका रूमवर बसून रोज युनिफॉर्म इस्त्री करत होते. घालायचा नव्हता, तरी.

*

रिपोर्ट आला: एकदम साफ! काका सर्दीची गोळी घेत होते, झटपट टेस्ट तिनेच फसली होती. यूसुफसाहेबांनी हलव्याचा भला मोठा डबा मागवला, काकांना गेट पास परत दिला आणि मिठी मारली. आनंदाच्या भरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आज से टेस्ट सबका होगा! मॅनेजर का भी! जैसा सावंत का हुआ, वैसाच!"

पुढच्याच खेपेला कॉम्प्युटरने नाव काढलं: यूसुफसाहेब.

साहेब बाटली घेऊन आले, तर बाथरूमच्या दाराशी मुनीर आणि कुक, दोघंही इस्त्रीच्या शर्टात. काकांनी कडक सलाम ठोकला. "यल्ला साब, चलिए! पंच तैयार हैं!"

साहेब आत गेले. बराच वेळ काहीच आवाज नाही. आम्ही सगळे छताकडे बघत उभे.

मग आतून हळूच हाक आली.

"सावंत... वो नल खोलो ना!"