फरशीवर आखलेली वस्ती

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला शहराबाहेर, बेसाच्या पलीकडच्या एका शाळेत सरावपाठ घ्यायला पाठवलं होतं. मला नववीचं इंग्रजी मिळालं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कुणी 'इंग्रजीच्या मॅडम' म्हटलं की मला अजून संकोच वाटायचा.

मुलांना बोलतं करा, असं आम्हाला सारखं सांगत. म्हणून रस्ता सांगण्याचा धडा मी फळ्यावर न घेता फरशीवर घ्यायचं ठरवलं. बाकं भिंतीला लावायची. खडूनं नाला, पूल, विहार, पाण्याची टाकी काढायची. एकानं डोळ्यांना रुमाल बांधून चालायचं आणि दुसऱ्यानं इंग्रजीतून सांगत त्याला आपल्या घरी न्यायचं.

पाठाआधीच्या तालमीत नाल्याकाठच्या वस्तीतली एक मुलगी सगळ्यांत स्वच्छ बोलली. तास संपल्यावर ती मागे थांबली.

"मॅडम, आमचं घर पाडणार हायेत. रस्ता मोठा करून राहिले ना. पाडलं तं आम्ही मौद्याले मामाकडं जाऊ. मंग शाळा बंद."

"काहून?"

"मामीचं बाळ सांभाळाले कोणी पायजे, म्हणते माय."

मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वस्तीला नोटीस दरवर्षी येते. पाडतील तेव्हा बघू." मलाही ते पटलं. पटवून घेतलं असंही असेल.

पाठाच्या दिवशी आमच्या बी.एड. कॉलेजचे सर निरीक्षणाला मागच्या भिंतीलगतच्या बाकावर बसले. या पाठावर माझे गुण होते. अशा पाठांची त्या शाळेत एक रीत होती. प्रश्न विचारला की सगळ्यांनीच हात वर करायचे. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. आमच्या आधी सरावपाठाला येऊन गेलेल्यांनी ती लावलेली. तालमीत मुलांनीच मला विचारलं होतं, "मॅडम, तुमचंबी उजवा-डावाच हाय ना?"

पहिल्या मुलानं मित्राला सरळ नाल्यात नेऊन उभं केलं. "अबे, बुडवतो काय मले!" तो ओरडला आणि सगळे हसले. सरही हसले. मग मी पुन्हा विचारलं, आता कोण नेणार? हातच हात. नाल्याकाठच्या त्या मुलीचा उजवा होता. मी तिला उठवलं.

गो स्ट्रेट. क्रॉस द ब्रिज. टर्न राइट. ती न अडखळता सांगत गेली. रुमाल बांधलेला मुलगा बरोबर जागेवर थांबला. "धिस इज माय हाउस," ती म्हणाली.

त्यानं रुमाल काढला आणि खाली पाहिलं. "कोणतं घर वं? काल तं जेसीबीनं सपाट केलं सारं."

कोणीतरी हसलं. सरांचं लिहिणं थांबलेलं मला दिसलं. पाठात पुढे जे लिहिलं होतं तेच माझ्या तोंडून गेलं, "व्हेरी गुड. क्लॅप फॉर हर."

मुलांनी सवयीनं तालात टाळ्या वाजवल्या. त्या संपेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "थँक यू, मॅडम."

सरांनी शेरा दिला, 'साधन प्रभावी.' मी बाहेर आले. व्हरांड्यात तिची आई शाळा सोडल्याचा दाखला घेऊन उभी होती. फाटकाशी टेम्पोत गाद्या, भांडी, मोडकं कपाट भरलेलं होतं.

"पोरगी आयकेच ना," ती म्हणाली. "म्हणे, आज मॅडमची परीक्षा हाय, तेवढा तास करून येतो. म्हणून टेम्पोवाल्याले थांबवलं."

मी म्हटलं, "निदान वार्षिक परीक्षेपर्यंत इथं कोणाकडं ठेवता आलं तर..."

"ज्यायच्याकडं ठेवलं असतं, त्यायचीबी घरं गेली, बाई. तुम्ही ठेवता काय?"

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती, आणि उत्तरासाठी थांबलीही. मी होस्टेलवर, एका खोलीत चौघींत राहत होते. "बघते," मी म्हटलं. त्याचा अर्थ तिला लगेच कळला. दाखला ब्लाउजात खोचून ती चालू लागली.

मुलगी टेम्पोत मागे, गाद्यांवर चढून बसली. "मॅडम," तिनं वरून विचारलं, "पास झाल्या नं तुम्ही?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.