चौदावा खडा

मशीन बंद करून जाळी वर उचलली आणि कुड्या उजेडात धरल्या. कुड्यांमधले हिरे विझले होते. होते सगळे जागेवर, एकेका कुडीत सात, पण हिरा म्हणावं असं त्यांच्यात काही उरलं नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी ते मळलेले, तरी जिवंत होते. आता ओल्या राखेच्या ठिपक्यांसारखे दिसत होते.

आणि त्या कुड्यांची मालकीण बाहेर काउंटरपाशी चहा पीत बसली होती.

मी तेव्हा सराफ्यातल्या एका पेढीवर कामाला होते. शहराला अजून औरंगाबादच म्हणत, आणि दागिन्यांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला बाई बसलेली बघायची लोकांना सवय नव्हती. मी मुंबईला जाऊन जेमॉलॉजीचा, म्हणजे रत्नपारखीचा, डिप्लोमा करून आले होते. शेठ मला ‘मॅडम’ म्हणत. त्यात अर्धा आदर आणि अर्धी थट्टा असायची. अल्ट्रासॉनिक क्लीनर नावाचं ते मशीन माझ्याच हट्टानं आलेलं. स्टीलचं भांडं, त्यात साबणाचं कोमट पाणी. बटण दाबलं की पाणी बारीक थरथरतं आणि दागिन्याच्या फटीफटीतला मळ सुटतो. अंगठ्या, मंगळसूत्रं, बांगड्या, सगळं मी त्यातून काढत होते. कधी काही बिघडलं नव्हतं.

सारजाबाई पिशोरहून आल्या होत्या. साठीच्या, उंच, डोक्यावरचा पदर जरा म्हणून ढळू न देणाऱ्या. घरची बागाईत शेती. बरोबर मुलगा होता, प्रल्हादराव, चिकलठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्यांच्या मुलीचं, नंदाचं, लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. आजीला वाटत होतं, नातीनं या कुड्या घालाव्यात. बापाला वाटत होतं, कुड्या मोडाव्यात आणि पोरीला आजकालचा सेट करावा. दोघांचा वाद माझ्यासमोरच झाला होता.

“कोण घालतं आता कुड्या? पोरगी कॉलेजात शिकलेली,” प्रल्हादराव म्हणाले.

“धुऊन तर बघ आधी. लखलखल्या तर तिच्या. नायतर मोड, मी एक शबूद बोलायची नाय,” सारजाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “बाई, जरा जपून करा. माझ्या सासूनं मला दिल्यात. पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या दुसऱ्या साली माझं लगीन झालं, तवापासून ह्या माझ्यापाशी हायेत.”

जपून करते म्हणाले आणि मशीनमध्ये टाकल्या.

काय झालं ते मला मिनिटभरात कळलं. आजचे हिरे मागून उघडे बसवतात, उजेड आरपार जावा म्हणून. पूर्वी तसं नव्हतं. सोन्याची छोटी वाटी करायची, तिच्या तळाशी चांदीचा कागदासारखा पातळ, चकचकीत पत्रा घालायचा आणि वर हिरा बसवून कडा दाबून टाकायची. याला बंद कोंदण म्हणतात. तो पत्रा म्हणजे हिऱ्याच्या पाठीमागचा आरसा. त्याच्या जिवावर हिरा चमकतो. मी आरशाच्या मागे साबणाचं पाणी घातलं होतं. पत्रा काळा पडला आणि हिरा आंधळा झाला. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. फक्त कुडी उलटी करून बघायला विसरले होते.

शेठना आत बोलावलं. त्यांनी एकदा कुड्यांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

“त्यांना म्हणा, जुना माल आहे, हिऱ्याचं पाणी उतरलं. मुलाला तसाही नवीन सेटच पाहिजे. चांगला दाखवू.”

“हिऱ्याचं पाणी उतरत नसतं, शेठ.”

“ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना कुठं माहीत आहे?”

शेठ वाईट माणूस नव्हते. सराफ्यात गोष्ट पसरायला एक चहा पुरतो, आणि दोन पिढ्यांनी कमावलेलं नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. माझ्याही डोळ्यांसमोर माझी नोकरी होती. युक्ती सोपी होती आणि कुणाला कधी कळलंही नसतं. पण सारजाबाईंनी शब्द दिला होता, लखलखल्या नाहीत तर मोड. म्हणजे माझ्या एका खोट्यावर त्या कुड्या भट्टीत जाणार होत्या. ते माझ्याच्यानं होईना.

मी कुड्या मखमलीच्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि बाहेर जाऊन त्यांच्यासमोर ठेवल्या.

“मावशी, माझी चूक झाली. ह्या पाण्यात घालायच्या नव्हत्या. हिरे चांगले आहेत, पण त्यांच्या मागचा पत्रा खराब झालाय. तो बदलून मिळेल.”

सारजाबाईंनी कुडी उचलून डोळ्याजवळ नेली. उलटसुलट करून बघितली. प्रल्हादरावांनी मात्र खुर्ची मागे सारली.

“पत्रा? कसला पत्रा? आत हिरे घेऊन गेलात आन बाहेर खडे घेऊन आलात! काय समजलात आम्हाला, खेड्यातले म्हणून?”

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी म्हटलं, “तुमच्यासमोर उघडून दाखवते. नजर हलवू नका.”

पेढीच्या माडीवर खलील चाचा बसायचे. खडे बसवण्याचं काम त्यांच्या घराण्यात निजामाच्या काळापासून होतं. ते हळूहळू जिना उतरून आले, कुडी बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

“बेटी, पीछे डांक है इसके. इसकू पानी में नईं डालने का था.” डांक म्हणजे तोच पत्रा. “मशीन को क्या मालूम? मेरे कू तो पूछना था ना.”

मी खाली मान घातली. खरंच एक जिना चढायचा होता फक्त.

चाचांनी काउंटरवरच पांढरा कागद अंथरला आणि बोथट सळईनं कोंदणाच्या कडा उचलायला सुरुवात केली. सोनं जुनं, मऊ, जवळजवळ निर्भेळ. ते कणकेसारखं मागे सरत होतं. एकेक हिरा सुटून कागदावर येत होता आणि त्याच्या मागून काळ्या पत्र्याचा तुकडा. प्रल्हादराव टक लावून बघत होते. हिरे पुसून ठेवत गेलो तसा त्यांचा आवाज खाली आला.

चौदा झाल्यावर मी त्यांच्या हातात लूप दिलं. लूप म्हणजे वस्तू दसपट मोठी दाखवणारं भिंग.

“बघा. एकसारखे दिसतात का?”

“नाही,” ते बऱ्याच वेळानं म्हणाले. “हा जरा चौकोनी आहे. याचं एक टोक तिरपं आहे.”

“हातानं घासलेत म्हणून. आता पैलू मोजूनमापून पाडतात, सगळे हिरे जुळ्या भावांसारखे निघतात. हे त्या माणसानं खडा बघून, त्याचं थोडंच वजन जाईल असं घासलेत. पैलू कमी, पण मोठे. दिव्याच्या, समईच्या उजेडात बघायचे म्हणून केलेले. नवा हिरा चमचम करतो. हा डोकं हललं की एकदाच मोठा लखकन उजळतो आणि शांत होतो.”

हे बोलताना माझी मलाच शरम वाटत होती. जे दुसऱ्याला इतकं समजावून सांगत होते, ते मीच दहा मिनिटांत बुडवलं होतं.

“हिरेच आहेत कशावरून?” प्रल्हादरावांनी विचारलं. रास्त प्रश्न होता.

याची एक सोपी परीक्षा असते. हिऱ्यावर आरशावर टाकतो तसा श्वास टाकायचा. हिऱ्यात उष्णता टिकत नाही, झपाट्यानं पसरते. त्यामुळं वाफ धरते न धरते तोच उडून जाते. काचेवर किंवा स्फटिकावर ती रेंगाळते. मी चिमट्यात एकेक खडा धरून श्वास टाकत गेले. प्रल्हादराव वाकून बघत होते. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. असे तेरा झाले.

चौदाव्यावर वाफ तशीच बसून राहिली.

मी पुन्हा श्वास टाकला. पुन्हा तेच. लूपखाली धरला. पैलूंच्या धारा झिजून गोल झाल्या होत्या. हिऱ्याची धार अशी झिजत नाही. तो स्फटिक होता.

हा खडा आत जाण्याआधी मी तपासलेला नव्हता. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता.

“हा कोणता?” प्रल्हादराव सावकाश म्हणाले. मग एकदम आवाज चढला. “एकच बदलला होय? तेरा ठेवले आन एक ढापला! बोलवा मालकाला. मी आत्ता पोलिसात जातो.”

शेठ आधीच मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चाचा सळई खाली ठेवून बसले.

“पल्हाद, खाली बस,” सारजाबाई म्हणाल्या.

“आई, तू मधी बोलू नको.”

“खाली बस म्हणते ना. त्यो खडा ह्यांनी नाय बदलला. म्या बदलला.”

सारजाबाईंनी डाव्या कानावरचा पदर सारला. कानाच्या पाळीवर जुना, पांढरा व्रण होता.

“लगीन होऊन चार-पाच सालं झाली असतील. पोळ्याचा दिवस. सासूनं कुड्या घालायला लावल्या, बैलांना ओवाळायला. म्या कुंकू लावायला वाकले आन ढवळ्यानं मान झटकली. शिंग कानाला लागलं. रगत आलं म्हणून समदे तिकडं धावले. कुडीतला खडा गेला ते माझ्या एकटीच्या ध्यानात आलं. पाऊस लागलेला, गोठ्यापुढं घोट्याएवढा चिखल. आठ दिस म्या त्यो चिखल चाळणीनं धुतला. धान्य धुते म्हणून सांगायची. नाय घावला.”

“मग?” प्रल्हादरावांचा आवाज अगदी लहान झाला होता.

“मग भावाला सांगितलं. त्यो कुडी घेऊन गेला आन ह्यो बसवून आणला. सासूला नाय सांगितलं. कुणालाच नाय. तुझ्या बापालाबी नाय. सासू दर दिवाळीला कुड्या मागून घ्यायची, हातावर ठेवायची, म्हणायची, लई छान हायेत. त्या वक्ताला माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं.”

“आज सांगायचं काही कारण नव्हतं,” शेठ हळूच म्हणाले. त्यांना आश्चर्य लपवता आलं नाही. गप्प राहिल्या असत्या तर दुकानानं नाव राखायला बिनबोभाट नवा हिरा दिला असता, हे त्या बाईलाही कळत होतं.

सारजाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “ह्या पोरीला तरी कुठं व्हतं? ती आपल्या तोंडानं बोलली, माझी चूक झाली. आन म्या गप बसू?”

मला तिथं उभं राहवेना. पाणी आणायचं निमित्त करून मी आत गेले.

परत आले तेव्हा शेठ म्हणत होते, “चूक आमचीही आहे, मावशी. त्या जागी हिरा आम्ही बसवतो. दुकानाकडून.”

मला वाटलं, त्या नको म्हणतील. अशा वेळी माणसं नको म्हणतात.

“बसवा की!” सारजाबाई म्हणाल्या. “चाळीस वर्सं वाट बघितली म्या.”

पहिल्यांदा त्या हसल्या. मग चाचा हसले, मग आम्ही सगळेच. प्रल्हादराव हसले नाहीत. आईच्या कानाकडे बघत राहिले. लहानपणापासून तो व्रण त्यांनी कितीदा तरी पाहिला होता, आणि तो कशाचा हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

खरं काम पुढंच होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातला एक उत्तम नवा हिरा निवडला. पांढराशुभ्र, निर्दोष. चाचांनी नवी डांक घालून तो इतर सहांमध्ये नुसता टेकवून दाखवला. समयांच्या ओळीत ट्यूबलाइट लागल्यासारखं दिसलं. बाकीचे सहा एकदम म्हातारे झाले. कागदावर तो हिरा सगळ्यांत सरस होता, तरी त्या कुडीत शोभत नव्हता. मी आजवर हिरा एकेकटा जोखायला शिकले होते. तो कुणाच्या पंगतीत बसणार आहे, हा प्रश्न आमच्या परीक्षेत नव्हता.

“नये में नया, पुराने में पुराना,” चाचा म्हणाले आणि दोन दिवस सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानांत हिंडले. शेवटी एका मोडीत आलेल्या नथीतला हिरा त्यांना मिळाला. किंचित पिवळसर, एका बाजूला ओबडधोबड. त्याच्या मागे त्यांनी डांकेचा जरा निळसर तुकडा घातला. निळ्यानं पिवळेपणा मारला जातो, ही त्यांच्या आजोबांची रीत. बसवल्यावर मी कुडी दिव्याखाली फिरवली आणि नवा कुठला ते मलाच शोधावं लागलं.

न्यायला सारजाबाई आल्या तेव्हा बरोबर नंदा होती. प्रल्हादरावांनीच तिला पाठवलं होतं, सेटचं नावही न काढता. तिनं कुड्या घालून आरशात बघितलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. “आजी, मला ह्याच पाहिजेत,” म्हणाली. सारजाबाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, “त्यो स्फटिक कुठंय?”

मी कागदाची पुडी काढून दिली. “कशाला हवा, मावशी? त्याला काही किंमत नाही.”

“असू दे. चाळीस वर्सं त्यानं माझी अब्रू राखली,” असं म्हणून त्यांनी पुडी पदराच्या गाठीत बांधली.

त्यानंतर मी बरीच वर्षं पेढीवर होते. मशीन चालूच राहिलं. पण जुना दागिना हाती आला की आधी उलटा करून पाठ बघायची, आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचं, ‘याला पूर्वी कधी काही झालं होतं का?’ माणसं जरा थांबायची, इकडंतिकडं बघायची आणि सांगायची. ते सगळं ऐकून घेतल्याशिवाय मी पाण्याचं भांडं जवळ ओढत नसे.