जवळ्याने अडवलेली मोजणी

मंडळी, आज ऑफिसची मीटिंग मी भर उन्हात, वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, राखत केली. का ते सांगते.

आमचं गाव घणसोलीकडचं, खाडीकाठचं. खाडीलगतच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या गावाची मासळी सुकते. आता फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी तिथे पार्किंग आणि रेस्टॉरंट होणार म्हणे. लॉकडाऊन आहे म्हणून गावाला मीटिंग घ्यायला बंदी, पण जागेच्या मोजणीला मात्र परवानगी! डोकंच फिरलं माझं.

जमाव करायचा नाही ना? ठीक आहे. सकाळीच सासूबाईंनी घरोघरी निरोप धाडला आणि बायकांनी अख्ख्या मैदानावर जवळा वाळत घातला. तोंडाला मास्क, दोघींमध्ये सहा फुटांचं अंतर. एका कोपऱ्यात मी, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

मोजणीवाले साहेब आले. म्हणाले, "कागदावर तर ही जागा रिकामी आहे."

सासूबाई जागच्या उठल्यासुद्धा नाहीत. "रिकामी हाय ना? मंग चाला की, सायब."

साहेबांनी पाय उचलला आणि तसाच धरला. टेकवायला जागाच नव्हती. मग स्वतःच हसले. "आज मोजणी होत नाही. जागा वापरात आहे, आधी गावाशी बोला, असं वर कळवतो."

एवढ्याने प्रश्न सुटला नाही, माहीत आहे मला. पण जाताना साहेबांनी ड्रायव्हरला गाडी लांबून वळवायला सांगितली. जवळ्यावर धूळ उडू नये म्हणून.

तुमच्या गावातली कुठली जागा कागदावर 'रिकामी' आहे? एकदा जाऊन बघा, तिथे कुणाचं काय वाळत पडलंय.