मीच जेवले माझा रिसर्च

कसं सांगू यार, हसू नका हं! पीएचडी करताना मी स्वतःचाच रिसर्च खाल्लाय. पोटभर!

अमेरिकेतल्या कॅरी गावाजवळच्या तलावातल्या बास माशांवर माझं काम होतं. लोकांना किती मासे पकडून न्यायला द्यायचे, ते त्यावरून ठरणार होतं. माशांच्या पोटात छोटे रेडिओ ट्रान्समीटर बसवायचे आणि अँटेना घेऊन त्यांच्या मागे हिंडायचं. त्यातली एक मोठी मादी माझी फार लाडकी. एका दुपारी तिचा सिग्नल कुठून यावा? तलावासमोरच्या टाउनहाउसमधून!

अँटेना हातात धरूनच मी बेल वाजवली. एका आजोबांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "अगं ए, टीव्हीवाली आली बघ!"

आतून कोणी ओ दिली नाही. त्यांचा चेहरा उतरला.

मराठी! मी चाटच पडले. "काका, मी टीव्हीवाली नाही हो…"

"मराठी आहेस? मग आत ये आधी!"

माझं ऐकतंय कोण! हे सावंतकाका, मालवणचे, मुलाकडे राहायला आलेले. काकू आदल्याच हिवाळ्यात गेल्या होत्या.

"हाक मारायची सवय जात नाही गं," ते म्हणाले. मुलगा-सून ऑफिसात, बोलायला कोणी नाही, म्हणून तलावावर गळ टाकून बसायचे.

"आज पहिल्यांदाच मासा लागला. हिच्यासारखं कालवण करून बघितलंय. जेवूनच जा. आणि काय गं, इथल्या माशांच्या पोटात बॅटऱ्या असतात का? मी टाकली कचऱ्यात!"

मी तोंड उघडेपर्यंत ताट वाढलंसुद्धा.

पहिला घास घेतला. मीठच नाही!

"कसं झालंय?"

"मस्त!"

त्यांनी स्वतः घास घेतला आणि थांबले. "मीठ विसरलो. ती उतरवायच्या आधी चाखून बघायची…" आणि ताटावरच रडायला लागले.

मी ताट पुढे केलं. "काका, अजून वाढा ना," म्हटलं. दोनदा मागून घेतलं.

निघताना ती बॅटरी तेवढी मागितली. कशाला, ते त्यांनी विचारलंच नाही. "उद्या येशील?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी प्रोफेसरांनी विचारलं, "त्या मादीचं काय झालं?"

"कोणीतरी खाल्ली."

"कोणी? बगळ्यानं?"

"मी."

ते खो खो हसले, आणि मी चक्क भोकाड पसरलं. बिचारे घाबरले. पाठीवर थोपटत म्हणाले, "रडू नकोस, आपण दुसरा मासा पकडू!"