दिलावरभाईंची रजा

दिलावरभाई परकार गिऱ्हाइकाला निरोप द्यायला गॅरेजच्या फाटकापर्यंत यायचे आणि तिथेच थांबायचे. समोर दहा पावलांवर चहाची टपरी होती, पण चहाला चला म्हटलं की म्हणायचे, "इथंच मागवू ना. माझ्या पायाला डांबर सोसत नाय." आम्ही हसायचो. मस्कतच्या गाला भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती गॅरेजं आणि वर्कशॉपं. तिथला एक मेकॅनिक डांबरी रस्त्यावर पाऊल टाकत नाही, ही आम्हाला त्यांची एक गंमत वाटायची.

ओळख झाली ती कॅरव्हॅनमुळे. माझा नवरा मंदार याच्या ऑफिसातला एक ऑस्ट्रेलियन सहकारी नोकरी सोडून मायदेशी परतला आणि जाताना आपली जुनी कॅरव्हॅन मंदारच्या गळ्यात मारून गेला. त्याच्या देशात म्हणे लोक गाडीमागे असली चाकांवरची खोली जोडून महिनोन् महिने हिंडतात, एकेका निवांत खेड्यात चार-चार दिवस पडून राहतात. मंदारला ते वेड लागलं. अल् घुब्राच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं काढल्यावर कुठलंही वेड बरंच वाटतं. पण कॅरव्हॅनचा ब्रेक गेलेला होता, जोडाचा हूक गंजलेला होता, आणि छत गळत होतं. कुणीतरी दिलावरभाईंचं नाव सांगितलं.

साठीला टेकलेले, सडपातळ, पांढरी दाढी नीट कातरलेली. बाणकोटच्या खाडीकाठी वेसवीला घर. दोन महिने आम्ही दर शुक्रवारी गॅरेजवर जायचो आणि मंदार दर शुक्रवारी विचारायचा, "झालं का?" दिलावरभाई एक नट हातात धरायचे, बोटांनी हलकेच फिरवत बसवायचे, आणि मान वर न करता म्हणायचे, "भाऊ, घाई केली का आटे गेले. मग पाना लावा नायतर हातोडा, तो नट बसायचा नाय." आमची नऊ वर्षांची इरा त्यांच्याशी अडखळत मराठीत बोलायची. घरी मी तिला मराठी बोल म्हणून दामटते तेव्हा न बोलणारी ही मुलगी त्यांच्यापुढे स्टुलावर बसून बडबडायची. एकदा तिने विचारलं, "अंकल, तुम्ही कधी कॅरव्हॅनमध्ये झोपला आहे?"

"अकरा बांधल्या, बाय. एकीतसुद्धा झोपलो नाय."

"मग आमच्याबरोबर या!"

ते कितीतरी वेळ हातातलं फडकं घडी करत राहिले. मग मंदारला म्हणाले, "इब्राच्या पुढं डोंगराच्या पायाशी एक गाव हाय. खजुराच्या बागा, एक दुकान, एक मशीद. कोण येत नाय, कोण जात नाय. तिकडं न्या पयल्यांदा. आणि जोड नवा हाय, मी संगती असलेला बरा."

आम्हाला आनंदच झाला. गुरुवारी दुपारी ते एक कापडी पिशवी घेऊन फाटकात उभे होते. गाडीत बसल्यापासून इब्रा येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पोलिसांची गाडी दिसली की चेहरा खिडकीपासून आत वळवायचे. मला वाटलं, गाडी लागते आहे.

गाव त्यांनी सांगितलं होतं तसंच निघालं. दोन वादींच्या मधे, म्हणजे एरवी कोरड्या ठणठणीत असणाऱ्या दोन नद्यांच्या पात्रांमधे, शंभरेक घरं. दुपारी रस्त्यावर शेळ्यांशिवाय कोणी नाही. आम्ही शाळेच्या भिंतीलगत कॅरव्हॅन लावली. शुक्रवारी नमाजानंतर दिलावरभाई एकटेच कुठेतरी जाऊन आले. आले ते पडलेल्या चेहऱ्याने, आणि कॅरव्हॅनच्या पायरीवर बसून राहिले. "कुणाकडे गेला होतात?" मी विचारलं. "वळखीचं घर हाय. कुलूप हाय," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी निघायचं ठरलं होतं. पहाटेपासून डोंगरावर ढग काळे झाले, गावात चार थेंब पडले नाहीत तोच लांबून ट्रक येत असल्यासारखा आवाज आला. "वादी आली!" दुकानदार ओरडला. बघता बघता दोन्हीकडची पात्रं तांबड्या पाण्याने भरली. रस्ता दोन्ही बाजूंनी गेला, वीज गेली, मोबाइलची रेंज कधी असायची, कधी नसायची.

आम्ही तीन दिवस तिथे अडकलो. सुस्त गावाची मजा तिथून हवं तेव्हा निघता येतं तोवरच असते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. छत पुन्हा गळायला लागलं. इरा कंटाळून रडायची. मंदार ऑफिसच्या काळजीने दर अर्ध्या तासाला पाण्याच्या काठावर जाऊन एक काठी रोवून यायचा. मी मस्कतला शिकवते त्या शाळेत माझ्या दहावीच्या मुलांची सराव परीक्षा होती. खुब्ज, म्हणजे तिथली रोटी, आणि ट्यूनाच्या डब्यांवर दिवस काढत होतो. कॅरव्हॅनच्या त्या सहा पावलांच्या खोलीत माझा जीव घुसमटायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानदार सहज बोलून गेला, "तुमचा हिंदी माणूस रोज त्या म्हातारीची चौकशी करतो. ती सूर शहरात मुलीकडे आहे, पाणी उतरल्याशिवाय कशी येणार?" मी तडक दिलावरभाईंकडे गेले.

"तुम्ही आम्हाला तुमच्या कामासाठी इथे आणलंत?"

"व्हय, वैनी."

"मग सांगायचं तरी! फिरायला म्हणून आणलंत, आणि माझी पोर इथे..." मला जे सुचेल ते मी बोलले. फसवलंत म्हणाले, वापरलंत म्हणाले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगितला असता तर तुमी आणला नसता. माझा इथं ऱ्हायचा कार्ड तीन वर्सांपूर्वी संपला. मला गाडीत घेणा तुमच्यासाठी पण बरा नाय. त्याची माफी मागतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ज्या अर्बाबाकडे, मालकाकडे, त्यांनी सव्वीस वर्षं काम केलं तो वारला. मुलांची भांडणं कोर्टात गेली, ऑफिसला सील लागलं. कामगारांचे पासपोर्ट थोरल्या मुलाकडे. सरकारी ऑफिसात जावं तर वारसाची सही आणा, वारसाकडे जावं तर 'बुकरा', म्हणजे उद्या. त्यात धाकट्या मुलाने कुणाच्या तरी सल्ल्याने कामगार पळून गेल्याची तक्रार नोंदवली. गॅरेज दुसऱ्याने चालवायला घेतलं. त्याने यांना मागच्या खोलीत राहू दिलं.

"कागदावर मी पळालोय, वैनी," ते म्हणाले, "आणि खऱ्यात तीन वर्सांत फाटकाभायेर पडलो नाय. आई गेली तेव्हा मयत फोनवर बगितली. भाच्यानं फोन धरला व्हता. त्याचा हात हलत व्हता, मला नीट दिसली पण नाय."

त्या गावात अर्बाबाची बायको राहत होती. आजारी अर्बाबाला शेवटची दोन वर्षं दिलावरभाईच गाडीतून उचलून आत न्यायचे, म्हणून ती त्यांना ओळखत होती. तिच्यापर्यंत पोचायला त्यांच्याकडे ना गाडी होती, ना टॅक्सीत बसायची हिंमत. मी दोन दिवसांत वेडीपिशी झाले होते, आणि तीन वर्षं अडकलेला माणूस माझी माफी मागत होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा केला. दुसरं काय करणार होते?

चौथ्या दिवशी सकाळी पाणी घोट्यापर्यंत उतरलं आणि एका पिकअपमधून म्हातारी आली. मंदार म्हणाला, "आता निघायला हवं." मी म्हणाले, "एक तास थांब." दिलावरभाईंबरोबर मीही गेले. अरबी मला कामापुरतं समजतं. राहिलेलं त्यांनी नंतर सांगितलं.

म्हातारीला नीट दिसत नव्हतं. दारात 'सलाम' ऐकल्याबरोबर म्हणाली, "दिलावर? तू तर कधीच घरी गेलास म्हणाली मुलं!" तिने त्यांना सगळं सांगायला लावलं. मग नातीकडून थोरल्याला फोन लावून घेतला आणि स्पीकरवर ठेवला. मुलगा आधी कोर्टाचं बोलला, मग वकिलाचं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला याने उचललं. तेव्हा तू कुठे होतास?" मग तो म्हणाला, "बरं. दिलावरचा पासपोर्ट देतो. तक्रारही मागे घ्यायला लावतो."

मी दिलावरभाईंकडे पाहिलं. वाटलं, आता रडतील. ते फोनकडे वाकून शांतपणे म्हणाले, "अर्बाब, चार पासपोर्ट आहेत."

मला काहीच कळेना. गॅरेजच्या मागच्या खोलीत आणखी तिघं तसेच अडकले होते, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. मुलगा चिडला. एकाचं करतोय ते पुष्कळ झालं, बाकीच्यांचं नंतर बघू म्हणाला. मी त्यांच्या बाहीला हात लावला. "घ्या हो तुमचा," मी मराठीत कुजबुजले, "हातात आलेलं घालवू नका."

"वैनी, मी गेलो का त्यांच्यासाठी इथपावत कोण येणार?" ते मला म्हणाले, आणि फोनमध्ये म्हणाले, "मग माझाही राहू द्या. चारी एकदम नंतर बघा."

म्हातारीने नातीच्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला. "चार," ती म्हणाली. "तू स्वतः घेऊन ये. खलास." आणि फोन परत दिला.

त्याच दुपारी आम्ही मस्कतला परतलो. मला विश्वास नव्हता. पण दहा दिवसांनी थोरला मुलगा स्वतः गॅरेजवर आला, एका प्लास्टिकच्या पिशवीत चार पासपोर्ट घेऊन. पुढची कागदपत्रं व्हायला तीन महिने गेले. तिघं एकेक करून आधी गेले. एकाच्या बायकोचं ऑपरेशन होतं, एकाने मुलाला पाहिलंच नव्हतं. दिलावरभाई सगळ्यात शेवटी गेले. विमानतळावर आम्ही तिघंही होतो. इराने त्यांना मिठी मारली. मंदारला म्हणाले, "हुकाला महिन्यातनं एकदा ग्रीस लावा. विसराल तुमी." मला काहीतरी बोलायचं होतं, त्या दुपारी बोलले होते त्याबद्दल, जमलं नाही. ते म्हणाले, "चाय चांगला केला व्हता तुमी."

महिन्याभराने वेसवीहून त्यांचा फोन आला. मागे कोंबड्यांचा, बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "काय दिलावरभाई, कसं वाटतंय घरी?"

"बरा हाय," ते म्हणाले. जरा थांबून हसले. "पण वैनी, गावातला कोण इचारत नाय का दिलावर, आलास कदी. जो भेटतो तो इचारतो, रजा किती, परत कदी जातोस? सकाळी मशिदीतसुदीक तेच."

"मग काय सांगता तुम्ही?"

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली. "आलो, आलो," ते ओरडले, आणि मग मला, घाईघाईने, जशी घाई मी त्यांची कधीच पाहिली नव्हती, म्हणाले, "ठेवतो वैनी. जेवायला बोलवतायत."