मावशीची गाडी

माझी मोठी मावशी कवळ्या बनवते. एका लांबट खोलीत, मोठ्या खिडकीशी तिचं टेबल आहे. प्लास्टरची पूड, मेणाचे तुकडे, चिमटे, आणि पांढऱ्या रंगाच्या सोळा छटांचे नमुने. कुणाच्या तोंडातला एक दात गेला की शेजारच्या दाताशी जुळणारा नवा दात तिने करायचा. एकतीस वर्षं ती हेच करते आहे, आणि तिने केलेला दात ओळखता येत नाही असं दातांचे डॉक्टर सांगतात.

सत्तावन्नाव्या वर्षी एका रविवारी जेवताना तिने सांगितलं की ती गाडी घेणार आहे. दोन दारांची, हाताने गिअर टाकायची, पळणारी. नवी झेपणार नाही, म्हणून सेकंडहँड.

बाबांना वाटलं ती गंमत करते आहे. मग ते गंभीर झाले. "ताई, अशा गाड्या पोरं पिदडून विकतात. तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?"

आईने तर जेवण होईपर्यंत तिच्याकडे पाहिलंच नाही. ताटं उचलताना मीच मावशीला विचारलं, हे मध्येच कुठून आलं? ती म्हणाली, मध्येच नाही. सत्ताविसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी तिला कामावरून घरी सोडलं होतं. सरळ रस्ता लागला, त्यांनी गिअर बदलला आणि तिची पाठ सीटला चिकटली. तेवढंच. नंतर आजीचं आजारपण आलं, आमची शिक्षणं आली. "आता माझी पाळी आहे," ती म्हणाली आणि नळ सोडला.

तिच्या जुन्या छोट्या गाडीचं काम करणारे एक मिस्त्री होते, मितभाषी. तिने त्यांनाच गुरू केलं. ते म्हणाले, "बाई, ही गाडी लोक पळवायलाच घेतात, त्यात वावगं काही नाही. पळवल्यावर तिची निगा कोणी राखली, तेवढं शोधा." मग तीन शनिवार त्यांनी तिला गाड्यांखाली झोपवलं. विकणाऱ्याला आधीच बजावायचं की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही, दोष असला तर सुरू होतानाच कुरकुरतं. चारही टायर एकाच जातीचे आहेत का पाहायचं. ज्याने टायरमध्ये काटकसर केली, त्याने तेलातही केलीच असणार. पावत्या मागायच्या, आणि त्या वाचायच्याही. मावशीने सगळं वहीत उतरवून घेतलं.

चौदा महिन्यांत आम्ही अकरा गाड्या पाहिल्या. मी सोबतीला जायचे. विकणारे बहुतेक माझ्याशी बोलायचे, मावशी गाडीखालून प्रश्न विचारायची आणि ते उत्तर मला द्यायचे. एकाने तिला रंग आवडला का, एवढंच विचारलं. ती तोवर त्याच्या इंजिनमधल्या तेलाचा वास घेत होती.

सातवी गाडी लाल होती. ती पाहताच मावशीची चाल बदलली, हे मला मागून चालतानाही कळलं. तिने बॉनेटवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. पत्रा गरम होता. विक्रेता म्हणाला, उन्हात उभी होती. गाडी छपराखाली होती. मावशी उजव्या बाजूने सावकाश चालत गेली, मागच्या चाकाशी थांबली, वाकली, पुन्हा दाराशी आली.

"हा पत्रा बदललाय," ती म्हणाली.

विक्रेता हसला. उजेडामुळे तसं वाटतं, असं तो मला म्हणाला.

"माझ्याशी बोला," मावशी म्हणाली. "मी एकतीस वर्षं जुन्या दाताशेजारी नवा दात बसवते. हा नवा आहे."

तिने डिकी उघडायला लावली, आतला गालिचा उचलला. खालच्या पत्र्याला ठोकून सपाट केलेली सुरकुती होती. गाडीने मागून सणसणीत मार खाल्ला होता. विक्रेत्याने मग आवाज खाली आणला, किंमतही आणली. मावशीने आभार मानले आणि काढता पाय घेतला.

परत येताना ती "फार आवडली होती गं मला," एवढंच म्हणाली. पुढच्या शनिवारी आठवी गाडी पाहायला निघाली.

बाराव्या गाडीच्या वेळी गोष्टीने वेगळंच वळण घेतलं. मालक जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. हात थरथरू लागल्याने डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. मावशीने फोनवर चौकशी सुरू केली तर त्यांनीच उलटा प्रश्न विचारला, अशी गाडी कधी चालवली आहे का? मावशीने खरं सांगितलं, नाही. ते म्हणाले, मग येऊ नका. फोन बंद.

मला संताप आला. मावशीला मात्र पटलं. तिने एक शिक्षिका शोधून काढली, पूर्वी रुग्णवाहिका चालवणारी. एका पडीक धावपट्टीवर ती बाई लोकांना वेगात ब्रेक मारायला आणि घसरणारी गाडी सावरायला शिकवायची. सहा आठवडे मावशी जात होती. पहिल्या दिवशी तिने प्लास्टिकचे नऊ खांब आडवे केले. घरी आली तेव्हा मान आखडलेली, तळव्यांना फोड. आईचा राग गेला नव्हता, पण शेकायला गरम पाण्याची पिशवी तिने पुढे केली.

मग मावशीने पुन्हा फोन लावला. "आता विचारा," ती म्हणाली.

गाडी अजून होती. राखाडी, सतरा वर्षांची, टपावरचा रंग विटलेला. मधल्या काळात दोघे जण येऊन गेले होते, पण दोघांनीही चावी फिरवताच पाय दाबून थंड इंजिन बोंबलवलं, म्हणून त्यांना परत पाठवलं, असं मोजणीसाहेबांनी सांगितलं. पावत्यांची जाडजूड फाइल त्यांनी टेबलावर ठेवली. क्लच फार तर वर्षभर चालेल, हेही न विचारता सांगून टाकलं. तरी मावशी गाडीखाली शिरलीच. गिअरबॉक्सपाशी तेलाचा ओलावा होता. तिने त्यांना बोलावून टॉर्चच्या उजेडात दाखवला. ते गुडघे टेकून वाकले आणि ओशाळले. त्यांना ठाऊक नव्हतं.

"बुडवायचं नव्हतं हो मला तुम्हाला," ते म्हणाले.

"दिसतंय ते," मावशी म्हणाली.

ते तिच्या शेजारी बसले, मी मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन. फाटकातच गाडी बंद पडली. मावशीने पुन्हा चालू केली. गाव संपेपर्यंत तिने इंजिनला हळूहळू ऊब येऊ दिली, तापमानाचा काटा मधोमध आला तरी आणखी थोडं थांबली. मोकळा रस्ता लागला. साहेब समोर बघत म्हणाले, "आता."

तिने तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. माझं डोकं मागे आपटलं. मला आरशात मावशीचा चेहरा दिसत होता. ती हसत नव्हती. शांत, एकाग्र होती, हातातलं काम मनासारखं जमताना असते तशी.

व्यवहार पंधरा मिनिटांत झाला. मिस्त्रींनी गाडी तपासली, गिअरबॉक्सचं गळकं सील बदललं आणि म्हणाले, चांगली आहे. त्यांच्या तोंडून हे आम्ही प्रथमच ऐकलं. क्लचने अकरा महिन्यांनी, एका चढावर राम म्हटला. बाबांनी "मी सांगितलं होतं" असं म्हणायला तोंड उघडलं, पण मावशीने नव्या क्लचची सोय आधीच करून ठेवली होती.

दर महिन्याला एकदा ती मोजणीसाहेबांना फेरीला नेते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेवर दाबला जातो. मावशी ते पाहते आणि तिथेच ब्रेक लावते.