एक नंबरची शाळा

संख्याशास्त्राच्या कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजी हजेरीच्या कागदावर सही करून पहिल्या रांगेत येऊन बसले. चौथीपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली शिकले. डोंगराच्या कड्यापलीकडं, आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथूनच ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि ज्या वयात लोक नातवंडांना फिरायला नेतात त्या वयात त्यांनी शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ला नाव नोंदवलं. आता ते अंबाजोगाईला, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, माझ्याकडं शिकायला आले होते.

खरं तर शिकवणार होते पुण्याचे एक तज्ज्ञ. ते ऐनवेळी आजारी पडले. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या पीएच.डी.त हेच होतं ना? मग झालं तर." होतं. पण आपल्यापुरतं मल्टिलेव्हल मॉडेल चालवून बघणं वेगळं, आणि तरुण डॉक्टर, शेतीचे संशोधक, डी.एड. कॉलेजचे प्राध्यापक असल्या सगळ्यांपुढं उभं राहून ते समजावणं वेगळं. दररोज सकाळी मी लॅबच्या बाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. शिपाई मावशी म्हणायच्या, "मॅडम, बसा की जरा." बसवत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर शाळा काढली, शाळेत वर्ग, वर्गात मुलं. एका छपराखाली बसणारी मुलं थोडीफार एकमेकांसारखी होतात, म्हणून प्रत्येक मूल सुटंसुटं मोजलं तर हिशेब चुकतो, असं सांगितलं. मुलाचं मुलाला द्यायचं, शाळेचं शाळेला. गुरुजींनी हात वर केला.

"म्हणजे मॅडम, पोरगं वाचतंय ते त्याच्या डोक्यानं किती आन शाळेमुळं किती, हे वेगळं काढता येतं?"

ते मला मॅडम म्हणाले. लहानपणी ह्याच माणसानं मला पाढा चुकले म्हणून उभं केलं होतं. मी कशीबशी "हो गुरुजी" म्हटलं, आणि डॉक्टर मंडळी आमच्या दोघांकडं बघून हसली.

तिसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं आपापली माहिती घेऊन बसायचं होतं. कुणाची अर्धवट, कुणाची मोबाईलवर काढलेल्या फोटोंत. गुरुजींची तेवढी स्वच्छ होती. परवानग्या काढून, मोटारसायकलवर जिल्हाभर फिरून त्यांनी चौथीच्या मुलांना एकच उतारा वाचायला दिला होता आणि प्रत्येकाचं वाचन स्वतः तपासलं होतं. कोणतं मूल आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातं, तेही लिहिलं होतं. "माझीच घ्या वर्गापुढं," ते म्हणाले. "शाळांची नावं न्हाई टाकली, नंबर टाकलेत. एक नंबर म्हणजे आपली, माझ्याच हाताखाली वाचायला शिकलेली पोरं." हे सांगताना ते खुशीत हसले. एक नंबर.

त्या संध्याकाळी स्टाफरूममध्ये मी ती माहिती एकदा चालवून बघितली, दुसऱ्या दिवशी वर्गात काही अडायला नको म्हणून. पडद्यावर चित्र आलं. एकेका शाळेचा एकेक ठिपका, जितका वर तितकी शाळा वाचनात पुढं, असे खालून वर चढत गेलेले, आणि प्रत्येक ठिपक्याच्या अंगावरून एक उभी रेघ, अंदाज किती वरखाली होऊ शकतो ते दाखवणारी. सुरवंटासारखं दिसतं म्हणून आम्ही त्याला सुरवंटच म्हणतो. एक नंबरचा ठिपका अगदी डाव्या टोकाला, तळाशी होता. त्याच्या रेघेचं वरचं टोक मधल्या सरासरीच्या रेषेला जेमतेम शिवत होतं.

मी पुन्हा चालवलं. माहिती उघडून ओळी तपासल्या. कुठं काही चुकलं असतं तर बरं झालं असतं. चुकलं नव्हतं. घरी गेले तर स्वयंपाकात लक्ष लागेना, नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावर खेकसले. गुरुजींनी आजवर कुठंही माझी ओळख करून देताना म्हटलं होतं, "आमच्या शाळेची पोरगी, प्राध्यापक झाली." तहसीलदारांना, आमदारांच्या माणसांना, लग्नात शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्यांना. त्या शाळेचा पुरावा म्हणजे मी. आणि पुराव्यालाच माहीत होतं की एका पोरीनं शाळा वर येत नसते.

सकाळी मी ठिपक्यांवरचे नंबर काढून टाकले आणि चित्र वर्गापुढं लावलं.

गुरुजी चष्मा वर करून पुढं झुकले. "मॅडम, ठिपक्यांना नंबर न्हाईत. कावून?"

"गर्दी होते गुरुजी. वाचता येत नाही मग."

त्यांनी मान हलवली. मी लहान शाळांचं सांगत राहिले. जिथं मुलं थोडी, तिथं मॉडेल तिथल्या आकड्यावर पुरता विश्वास ठेवत नाही, त्या शाळेला सरासरीकडं ओढून घेतं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. दोनदा मी एकच वाक्य बोलले.

चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. गुरुजी आत राहिले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"एक नंबर दाखव," ते म्हणाले. आता मॅडम नव्हतं.

मी नंबर परत टाकले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, डावीकडं सरकवत नेलं आणि थांबवलं.

"खाली हाय."

"रेघ बघा गुरुजी, केवढी लांब आहे. आपली शाळा लहान. नक्की असं काही सांगता येत नाही."

"आत्ताच सांगितलंस ना, लहान शाळेला सरासरीकडं ओढतंय. म्हंजे मुळात याच्याबी खाली."

हे मी त्यांना सांगणार नव्हते. त्यांनी माझ्याच शिकवण्यातून काढलं. मी घाईघाईनं म्हटलं, "ऊसतोडीचं घालून बघू. आपली अर्धी पोरं सहा-सहा महिने नसतात." मी ते घातलं. ठिपका किंचित वर सरकला, पण राहिला तिथंच, तळाला.

"सगळ्यात वरचा कोण?" त्यांनी विचारलं.

मी नंबर सांगितला. त्यांनी डोळे मिटले, बहुतेक नंबरावरून गाव आठवत होते. "कपिलधारच्या बाजूची वस्ती ती. आपल्याइतकीच शाळा. तिथली बी पोरं तोडीलाच जातात." बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. "मी लई वर्सं सगळ्यांना सांगत आलो," ते म्हणाले, "पोरंच टिकत न्हाईत तर आमी करायचं काय म्हणून."

ते उठले आणि बाहेर गेले. चहानंतर त्यांची खुर्ची रिकामी होती. उरलेला दिवस मी तिच्याकडं न बघता शिकवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी मात्र ते वेळेवर आले, सगळा सराव केला, प्रमाणपत्र घेतलं, फोटोत उभे राहिले. माझ्याशी फक्त जरुरीपुरतं बोलले. बस सुटताना मी स्टँडवर गेले होते. खिडकीतून त्यांनी हात केला, एवढंच.

पुढचे काही आठवडे मला चैन नव्हतं. फोन लावायचे आणि वाजायच्या आत कापायचे. शेवटी त्यांचाच आला. "मी मांजरसुंब्याला येतोय. तू बी ये. त्या शाळेत जायचंय."

फाट्यावर भेटलो. तिथून रिक्षा करून वस्तीवर गेलो. शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं कडुलिंब. तिथल्या बाई वयानं माझ्याहून लहान होत्या. आम्हाला बघून त्या आधी घाबरल्या. "तपासणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई बाई," गुरुजी म्हणाले. "मी निवृत्त माणूस. तुमी शिकवा, आमी मागं बसतो."

आम्ही भिंतीला टेकून सतरंजीवर बसलो. वेगळं असं काही दिसेना. तोच फळा, तीच पुस्तकं. मला सारखं वाटत होतं, उगीच आलो, त्यांना आणखी त्रास झाला. मग एक मुलगा वाचायला उठला. तिसऱ्याच शब्दाला चुकला. बाई काही बोलल्या नाहीत. तो पुढं गेला, आणखी अडखळला, वाक्य संपवलं, आणि स्वतःच म्हणाला, "न्हाई बाई, असं नसंल." परत मागं जाऊन त्यानं नीट वाचलं. पुढच्या मुलीचंही तसंच. बाई फक्त ऐकत होत्या.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं नाही. हळू आवाजात म्हणाले, "मी तिथल्या तिथं थांबवायचो. आठवतंय?"

आठवत होतं. मला ते आवडायचं, कारण मी फारशी चुकत नसे. पण माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी होती. तिला पूर्ण वाक्य वाचताना मी कधी ऐकलंच नाही. पहिल्या चुकीला गुरुजी "हं!" म्हणायचे, आणि ती खाली बसायची. पाचवीला ती आलीच नाही.

परतताना रिक्षात मी माझं काम केलं. "गुरुजी, एका सकाळीवरून काही ठरत नाही. बाईंच्या ह्या पद्धतीमुळंच असेल असं कसं म्हणणार? दुसरी शंभर कारणं असतील."

"ते म्या शिकलोय तुझ्याकडं," ते म्हणाले. "तरी बघायचं तर होतं ना."

त्यांच्या मार्गदर्शकांनी सांगितलं की प्रबंधात स्वतःच्या शाळेचा वेगळा उल्लेख नको, नंबरच राहू द्या. गुरुजी ऐकेनात. त्यांना एक परिच्छेद लिहायचाच आहे, आणि त्यावरून दोघांचं अजून जमलेलं नाही. प्रबंध रखडलाय. मला फोन आला की मी दोघांच्या बाजूनं बोलते आणि नंतर माझ्यावरच चिडते.

गेल्या महिन्यात आईला भेटायला वस्तीवर गेले होते. शाळेवरून जाताना आतून वाचनाचा आवाज आला. दारातून बघितलं. नव्या मुख्याध्यापकांनी गुरुजींना आठवड्यातून काही सकाळी मुलांबरोबर बसायची मुभा दिलीय, हे आईनं सांगितलं होतं. ते सतरंजीवर मांडी घालून बसले होते. समोर एक लहान मुलगी पुस्तक धरून वाचत होती, आणि चुकत होती. गुरुजींनी पंजा तोंडावर दाबून धरला होता. एक ओळ गेली, दुसरी गेली. मांडी हलत होती त्यांची. तिसऱ्या ओळीला त्यांच्यानं राहवलं नाही.

"हं!" ते म्हणाले, आणि लगेच, "न्हाई न्हाई, तू वाच. वाच बाळा पुढं."

मुलगी थांबली होती. तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग पुस्तकाकडं. मी दारात तशीच उभी राहिले, ती पुढं वाचते का ते ऐकायला.